भिंतीपलीकडचा मेडिक्लेम

"नानांचा क्लेम फेटाळला म्हणे." काकूंनी दोन्ही कोपरं भिंतीवर टेकली. म्हणजे किमान पाऊण तासाची निश्चिंती. सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या दोन घरांमधली ही कंपाउंडची भिंत गवंड्यानं छातीएवढीच ठेवली, त्याचं भलं होवो.

"फेटाळला," मी म्हटलं. "काल त्यांची सून पत्र घेऊन आली होती." पतसंस्थेत नोकरी केल्यापासून गल्लीतलं इंग्रजी पत्र आधी माझ्याकडे वाचायला येतं. काकूंना ते ठाऊक आहे. म्हणूनच त्या आल्या होत्या, हातात निवडायला घेतलेली मेथी नुसती नावाला.

"पण हप्ता तर भरत होते की! एजंट दर दिवाळीला कॅलेंडर घेऊन यायचा, मी स्वतः बघितलाय."

"हप्त्याचं काही नाही हो. फॉर्मचं आहे."

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी नानांनी मेडिक्लेम घेतला. एजंटानं फॉर्म भरला तो त्यांच्या फाटकासमोर, मोटारसायकलच्या सीटवर ठेवून. रक्तदाब आहे का? नाही. मधुमेह? नाही. आधी कधी ऑपरेशन? नाही. सगळ्या रकान्यांत नाही, खाली नानांची सही. आता नाना बारा वर्षं बीपीची गोळी घेतात हे आमच्या गल्लीत कुणाला माहीत नाही? रोज सकाळी व्हरांड्यात बसून "अगं, माझी बीपीची दे" असा पुकारा होतो. तो पोस्टमनलाही पाठ आहे.

मार्चमध्ये छातीत दुखलं, मिरजेला नेलं, दोन स्टेंट बसले. दाखल करताना रात्री शिकाऊ डॉक्टरनं विचारलं, बीपी कधीपासून? नाना तशा अवस्थेतही अभिमानानं म्हणाले, "बारा वर्षं! एक दिवस गोळी चुकवलेली नाही." ते केसपेपरवर गेलं, केसपेपरवरून डिस्चार्ज कार्डावर, आणि डिस्चार्ज कार्डावरून थेट कंपनीकडे. कंपनीनं जुना फॉर्म काढला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पत्र पाठवलं.

"म्हणजे खरं बोलले म्हणून अडकले?" काकू.

"डॉक्टरांशी खरं बोलले ते बरोबरच केलं. कंपनीशीही तेव्हाच बोलायला हवं होतं."

"त्या मेल्या एजंटानं..."

"एजंटाचं कमिशन पॉलिसी निघाल्यावर असतं, काकू. आजार लिहिला की हप्ता वाढतो, कधी गिऱ्हाईक मागे फिरतं. त्याला 'नाही' लिहिणंच सोयीचं. पण सही नानांची आहे ना."

आमच्या ह्यांचा फॉर्म भरताना पेन मीच हातात घेतलं होतं. साखर आठ वर्षं, ही गोळी सकाळी, ही रात्री, अमक्या साली हर्नियाचं ऑपरेशन, सगळं लिहिलं. एजंट म्हणाला, "मॅडम, एवढं सविस्तर नको." मी म्हटलं, जागा संपली तर पुरवणी जोडते. कंपनीनं हप्ता वाढवला आणि सांगितलं, साखरेमुळे जे उद्भवेल त्याला तीन वर्षं थांबा. थांबलो. पूर्वी ही मुदत चार वर्षांपर्यंत असायची. विमा नियामकानं १ एप्रिल २०२४ पासून ती जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणली. आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की मग "तुम्ही आजार लपवला होता" असं म्हणून कंपनीला हात वर करता येत नाहीत. आधी ही मर्यादा आठ वर्षांची होती.

काकूंच्या चेहऱ्यावर हिशेब उमटला. "म्हणजे नानांना अजून दोन वर्षं धडधड झाली नसती, तर..."

"काकू!"

"मी आपलं गणित केलं गं."

"गणितात एक मेख आहे. मुद्दाम फसवणूक केली हे सिद्ध झालं तर पाच काय, दहा वर्षांनीही पैसे मिळत नाहीत."

एवढ्यात काकांनी पलीकडच्या झोपाळ्यावरून वर्तमानपत्र खाली केलं. काका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. दोन बायका कामाचं बोलत असताना मध्ये पडायचं नाही हा त्यांचा नियम, आणि तो रोज मोडायचा हाही.

"सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे ह्यावर," ते म्हणाले. "मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया. डिसेंबर २०२१. तो माणूस अमेरिकेला लग्नाला निघालेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरला आणि हृदयविकाराचा झटका! स्टेंट घालावे लागले. बिल डॉलरमध्ये, म्हणजे विचारूच नका. कंपनी म्हणाली, कोलेस्टेरॉलची गोळी घेत होता, सांगितलं नाही. कोर्ट म्हणालं, अहो, मधुमेह आहे हे त्यानं लिहून दिलं होतं, तुम्ही वैद्यकीय तपासणी करून मग पॉलिसी दिलीत, आता कुठली पळवाट काढता? द्या पैसे."

"म्हणजे नानांनाही मिळतील?" काकू एकदम सरळ उभ्या राहिल्या.

"त्यानं मधुमेह लिहिला होता. नानांनी काय लिहिलंय?" काकांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं.

तरी मी नानांच्या सुनेला म्हटलंय, गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर पुण्याला विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथे पैसे पडत नाहीत, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. नकार आल्यापासून वर्षाच्या आत मात्र जायला हवं. नानांची बाजू लंगडी आहे हे मी तिला सांगितलं. पण एजंटानं फॉर्म कसा भरला, नानांना इंग्रजी किती येतं, हे कुणीतरी ऐकून तर घेईल. निकाल काय लागेल ह्यावर मी पैज लावणार नाही. काकू लावतील.

"माझंच बघ," काकूंनी मेथीची जुडी भिंतीवर ठेवली. "मला साखर, मला बीपी, मला थायरॉइड. एक्काहत्तर पूर्ण. मला कोण देणार विमा?"

"देतात आता. पूर्वी पासष्टनंतर नवी पॉलिसी मिळणं अवघड होतं. २०२४ पासून वयाची अटच काढली. फक्त हप्ता ऐकून घ्यायचा तो बसून ऐकायचा."

"किती?"

मी आकडा सांगितला. काकू बसल्या नाहीत, पण मेथी उचलली. "एवढ्यात माझा वर्षाचा किराणा येतो."

हप्त्याची रड घरोघरी आहे. आमचा तीस हजारांच्या घरात. त्यावर पूर्वी अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आजारी पडायच्या आधीच ५,४०० रुपये सरकारला. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती आरोग्य विम्यावरचा तो कर पूर्ण काढला. आणि साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपन्यांनी आधी नियामकाशी बोलायचं, असंही जानेवारी २०२५ मध्ये ठरलं. त्याआधी कुणाकुणाचे हप्ते एका वर्षात दीडपट झालेले आम्ही ह्याच भिंतीवर चघळलेत.

"बरं, समजा घेतला," काकू म्हणाल्या. त्या सहज सोडत नाहीत. "मग माझ्या गोळ्यांचे पैसे येतील ना त्यात? महिन्याला अडीच हजार जातात. साखर मोजायच्या पट्ट्या निराळ्या. दर तीन महिन्यांनी ती रक्ताची एचबीएवनसी. डोळ्यांचा डॉक्टर निराळा."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मेडिक्लेम मुळात दवाखान्यातल्या खाटेसाठी आहे. चोवीस तास दाखल झालात तर तो जागा होतो. डायलिसिस, केमो, मोतीबिंदू असल्यांना चोवीस तासांची अट नाही, ती त्याच दिवशी घरी सोडायची कामं आहेत, म्हणून धरतात. पण तुमची सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी, डॉक्टरांचे तपासायचे तीनशे रुपये, रक्तलघवी, ह्यातलं काही नाही. दाखल होण्याआधीच्या महिन्याभराचा आणि घरी आल्यावर दोनेक महिन्यांचा औषधखर्च मिळतो, तोही त्याच आजाराचा."

काकूंना हे पटायला वेळ लागला. मलाही दर वेळी राग येतो सांगताना. साखर, बीपी, सांधे, दमा, ही दुखणी माणूस घरात राहूनच सांभाळतो. वीस वर्षं नीट सांभाळली तर खाटेवर जावंच लागत नाही. म्हणजे जो पथ्य पाळतो, गोळी चुकवत नाही, दर तीन महिन्यांनी रक्त देतो, त्याला पॉलिसीतून दमडी नाही. जो हेळसांड करून मूत्रपिंड घालवून बसतो त्याचं डायलिसिस मात्र मिळतं. मिळायलाच हवं, त्याबद्दल म्हणणं नाही. पण पहिल्या माणसाला कुणीतरी दोन पट्ट्यांचे तरी पैसे द्यावेत. काही पॉलिस्यांत बाह्यरुग्ण खर्चाची जोडणी मिळते हल्ली. मी एकीचा हिशेब मांडून पाहिला होता. जेवढे परत मिळणार, साधारण तेवढाच हप्ता वाढत होता. पतसंस्थेत आम्ही ह्याला भिशी म्हणायचो, आणि भिशीत निदान चहा-पोहे असतात.

"मग दोन दिवस दाखलच व्हावं आणि सगळ्या तपासण्या करून घ्याव्यात," काकूंनी तोडगा काढला.

"कोल्हापूरच्या माझ्या मावसबहिणीच्या दिरानं केलं तेच. नुसत्या तपासणीसाठी दाखल झालेल्याला पैसे देत नाहीत. पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं. एमआरआय, सोनोग्राफी, खोलीभाडं, सगळं त्यांच्या खिशातून."

त्याच घरातली दुसरी गोष्ट तर मी काकूंना दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही. बहिणीची पॉलिसी तीन लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. तिनं सहा हजारांची स्वतंत्र खोली घेतली. म्हटलं, वरचे तीन हजार आपण भरू. बिल झाल्यावर कळलं की खोली दुप्पट घेतली म्हणून सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, ह्यांचेही निम्मेच पैसे मंजूर. औषधं, तपासण्या, शरीरात बसवलेलं साहित्य तेवढं ह्या कात्रीतून सुटतं. एवढ्या खिडकीसाठी आणि सोफ्यासाठी साठ-सत्तर हजार गेले. आणि खिडकीतून दिसत काय होतं? पार्किंग.

"म्हणून खोली घ्यायच्या आधी पॉलिसीचं ते पान काढून काउंटरवर ठेवायचं," मी म्हटलं. "आणि ज्येष्ठांच्या पॉलिसीत वीस-तीस टक्के आपण भरायचे अशी अट असते, तीही बघून ठेवायची."

"मला कशाला काउंटर? आमच्या चिरंजीवांच्या कंपनीत आमचं दोघांचं नाव आहे." हे काकूंनी हुकमाचं पान टाकावं तसं टाकलं. मुलगा पुण्याला आयटीत. ग्रुप पॉलिसीत आईवडील धरलेले, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून चालतात, ना फॉर्म ना तपासणी. चांगलंच आहे ते.

"पण तोच ना गेल्या गणपतीत म्हणत होता, नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी काढतो?"

काकूंचा हात मेथीतच थांबला.

"नोकरी गेली की ते नाव गेलं, काकू. त्याला आत्ताच सांगा, राजीनामा देण्याआधी एचआरला विचार. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, आणि मग जेवढी वर्षं ग्रुपमध्ये झाली ती थांबायच्या मुदतीतून वजा होतात. पण मुदतीत अर्ज करायचा. राजीनामा दिल्यावर, निरोपाची पार्टी झाल्यावर, मग आईची आठवण, असं नको. आणि हप्ता कंपनी भरणार नाही, तो त्यानं भरायचा."

"त्याला आईची आठवण येते," काकू फणकाऱ्यानं म्हणाल्या. "दर रविवारी फोन असतो." मग जरा वेळानं, हळूच: "मी आज शनिवार असला तरी लावते फोन."

हप्ता मुलानं नाहीच भरला तर, म्हणून आणखी एक गोष्ट त्याच्या कानावर घालायला सांगितली. ज्या ज्येष्ठांच्या नावावर आरोग्य विमाच नाही, त्यांच्या औषधपाण्यावर मुलानं खर्च केला तर वर्षाला ५० हजारांपर्यंत प्राप्तिकरात सूट मिळते. रोख दिलेले पैसे चालत नाहीत, आणि जुन्या करपद्धतीत असेल तरच. काकू आजवर औषधवाल्याला नोटा मोजून देत आल्यात आणि बिलाचा कागद डब्याखाली घालायला वापरत आल्यात. ते डबे आता तपासायला हवेत. औषधंही तीच, त्याच घटकांची, जन औषधी केंद्रात घेतली तर निम्म्याहून कमी पैशांत येतात. काकूंचं म्हणणं, "स्वस्त ती लागू पडत नाहीत." मी म्हटलं, डॉक्टरांना घटकाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून द्यायला सांगा आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी करा. कागद बोलेल. नाना गोळीच्या किमतीवरून तिचा गुण ठरवतात, त्यांच्या नादी लागू नका.

"बरं, ते सत्तरीचं सरकारी कार्ड काय आहे?" हा खरा प्रश्न. मेथीबिथी सगळं त्यासाठीच होतं, हे मला तेव्हा कळलं. "चौथ्या गल्लीतल्या देशपांडीणबाईंनी काढलं म्हणे. त्यांना तर दोन बंगले आहेत."

"दोन असोत की दहा. आयुष्मान भारतमध्ये २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना घेतात, उत्पन्न विचारत नाहीत. वय वंदना कार्ड म्हणतात त्याला. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. घरात दोघं सत्तरीवरचे असले तर दोघांत मिळून पाच. आणि मुख्य म्हणजे आधीचा आजार आहे म्हणून थांबायचं नाही. साखर, बीपी, सगळ्यासकट पहिल्या दिवसापासून. मुलाच्या कंपनीचा विमा असला तरी हे काढता येतं."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या नाहीत. हेही खाटेसाठीच. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी आल्यावरचे पंधरा दिवस तेवढे धरतात."

"सगळ्यांचं घोडं खाटेपाशीच अडतं," काकू म्हणाल्या.

आणखी एक सांगून ठेवलं. कार्ड आहे म्हणून कुठल्याही दवाखान्यात पायघड्या घालत नाहीत. तो दवाखाना यादीत हवा, आणि आपल्याला जो विभाग लागणार तोही यादीत हवा. हाडांसाठी आहे आणि हृदयासाठी नाही असंही असतं. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण बरं असताना एक चक्कर मारून योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारून यावं. किंवा १४५५५ वर फोन करावा. रात्री दोन वाजता रिक्षात बसून ते ठरवू नये.

"आधार कार्ड लागतं फक्त. सोमवारी सेतू केंद्रात जाऊ," मी म्हटलं. "बोटांचे ठसे उठत नसतील तर ओटीपीवर होतं. तुमचा मोबाइल आधारला जोडलाय ना?"

"जोडलाय. दोघांचंही एकदमच काढू." काकू आत जाऊन दोन्ही आधार कार्डं घेऊन आल्या. पदराच्या टोकानं पुसून भिंतीवर ठेवली. मी काकूंचं पाहिलं, ठीक. काकांचं पाहिलं आणि पुन्हा पाहिलं.

"काका, जन्मतारीख एक जून?"

"आमच्या वर्गातल्या सगळ्यांची एक जून," काका वर्तमानपत्राआडून म्हणाले. "शाळेत घालायला वडील गेले, मास्तरांनी विचारलं केव्हाचा, वडील म्हणाले पावसाआधीचा. मास्तरांनी टाकली एक जून. साल त्यांनीच अंदाजानं घातलं."

"मास्तरांच्या अंदाजानं तुम्ही एकोणसत्तरचे आहात."

"मी बहात्तरचा आहे!"

"तुम्ही बहात्तरचे आहात, पण कार्ड आधारला विचारतं."

काकूंनी कपाळावर हात मारला. "ह्याच एक जूनपायी कारखान्यात तीन वर्षं जास्त नोकरी मिळाली म्हणून पेढे वाटले होते ह्यांनी!"

"ते पैसे तूच बांगड्यांत घातलेस," काका म्हणाले.

मी मध्ये पडले. काकांचं अडत नाही फारसं. राज्य सरकारची महात्मा फुले योजना आहे. २०२४ पासून शिधापत्रिका कुठल्याही रंगाची असली तरी चालते आणि तिथेही मर्यादा पाच लाखांची केलीय. यादीतल्या दवाखान्यात शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखवायचं. तोवर पुढचा जून येतोच आहे. सोमवारी काकूंचं कार्ड काढायचं, काकांनी नुसतं बरोबर यायचं, रिक्षाचे पैसे द्यायला.

काकू मात्र दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरून बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"म्हणजे सरकारी हिशेबात मी ह्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी?"

"आता रोज पाया पडायला सांगशील," काकांनी पान उलटलं.

"पडा की. पण बेतानं वाका, तुमचं कार्ड अजून व्हायचंय."